न्यूयॉर्क बंदरातील डिनर क्रूझ : तिकिटाआधी सूर्यास्ताची वेळ पाहा

मे महिना उजाडला की न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी परिसरातील मराठी घरांमध्ये भारतातून आलेल्या आई-वडिलांचा वावर सुरू होतो. नायगारा, वॉशिंग्टन, एखादे मंदिर, ओक ट्री रोडवरची खरेदी असा कार्यक्रम आखला जातो आणि त्यातच कोणीतरी सुचवते, ‘एक संध्याकाळ बोटीवर जेवायला जाऊ.’ संगणकावर दहा मिनिटांत तिकिटे काढली जातात. पुढचा अनुभव मात्र अनेकदा अपेक्षेपेक्षा फिका ठरतो. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा नजरेसमोर येतो तेव्हा ताटात सॅलड वाढले जात असते, सूर्य मावळतो तेव्हा कुटुंब बुफेच्या रांगेत उभे असते, आणि शाकाहारी म्हणून समोर आलेल्या भातात कोंबडीचे पाणी असल्याचे दोन घास खाल्ल्यानंतर कळते.

चार-पाच जणांच्या कुटुंबाला ही संध्याकाळ काहीशे डॉलरना पडते. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांचा अमेरिकेचा पुढचा प्रवास होईलच, अशी खात्री कोणालाच देता येत नाही. म्हणून ही संध्याकाळ नीट आखणे अगत्याचे. त्या आखणीचा पहिला नियम असा, की जेवणाची यादी पाहण्यापूर्वी सूर्यास्ताची वेळ पाहावी. डिनर क्रूझवर जेवण हे निमित्त असते. पैसे मोजले जातात ते प्रकाशासाठी.

प्रकाशाचे वेळापत्रक

मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्यावरील चेल्सी पिअर्स, बेचाळिसाव्या रस्त्यालगतचे धक्के आणि पलीकडच्या न्यू जर्सीतील वीहॉकेन ही अशा नौकांची मुख्य प्रस्थानस्थाने. बहुतेक नौका हडसन नदीतून दक्षिणेकडे उतरतात, मॅनहॅटनच्या टोकाशी असलेले बॅटरी पार्क ओलांडून बंदराच्या खुल्या पाण्यात, म्हणजे ‘अपर बे’मध्ये येतात, लिबर्टी बेटासमोर वेग कमी करतात, ईस्ट रिव्हरमध्ये ब्रुकलिन पुलाच्या पुढेपर्यंत जाऊन परततात. संथ गतीने चेल्सीहून पुतळ्यासमोर पोहोचण्यास अर्धा ते पाऊण तास लागतो. संपूर्ण फेरी दोन ते तीन तासांची असते.

आता हा मार्ग सूर्याच्या संदर्भात पाहावा. १८८६ साली लोकार्पण झालेल्या या पुतळ्याचे मुख आग्नेयेकडे आहे. त्यामुळे मुखाचे दर्शन घडवण्यासाठी नौका पुतळ्याच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला थांबते. सकाळी सूर्यप्रकाश थेट पुतळ्याच्या चेहऱ्यावर पडतो. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला मावळत असल्याने संध्याकाळी तो पुतळ्याच्या पाठीशी येतो, आणि केशरी आकाशासमोर मशाल उंचावलेली काळी आकृती दिसते. दोन्ही दृश्ये सुंदर आहेत, परंतु ती वेगळी आहेत. ज्यांना पुतळ्याचा चेहरा आणि त्याचा हिरवट तांबेरी रंग स्पष्ट पाहायचा आहे, त्यांनी दुपारच्या जेवणाची किंवा सकाळची फेरी निवडणेच योग्य.

मॅनहॅटनच्या बाबतीत हेच चित्र उलटे होते. न्यू जर्सीच्या बाजूने मावळणारा सूर्य पश्चिमाभिमुख काचेच्या इमारतींवर पडतो आणि हडसनच्या पात्रातून पाहणाऱ्याला सारा किनारा काही मिनिटे पेटल्यासारखा दिसतो. त्यानंतर येणारी वीस ते तीस मिनिटे सर्वांत मोलाची. आकाशात निळा उजेड शिल्लक असतो आणि इमारतींतील दिवे लागलेले असतात. पूर्ण अंधार पडला की इमारतींच्या कडा हरवतात आणि नुसते दिव्यांचे ठिपके उरतात.

यावरून एक साधे गणित मांडता येते. सूर्यास्ताच्या सुमारे एक तास आधी धक्का सोडणारी नौका निवडावी. पुतळा संधिप्रकाशात मिळतो, ब्रुकलिन पूल दिव्यांत मिळतो, आणि परतताना मॅनहॅटन पूर्ण उजळलेले असते. न्यूयॉर्कमधील सूर्यास्ताच्या ढोबळ वेळा पुढीलप्रमाणे :

- मेच्या मध्यास : ८ वाजून ५ मिनिटे
- जूनच्या तिसऱ्या आठवड्यात : ८.३०
- जुलैअखेर : ८.१०
- ऑगस्टअखेर : ७.३०
- सप्टेंबरअखेर : ६.४०
- ऑक्टोबरअखेर : ५.५०
- डिसेंबरच्या आरंभी : ४.३०

संध्याकाळी सातला सुटणारी तीन तासांची नौका जून-जुलैत उत्तम ठरते. तीच सातची नौका दोन तासांची असेल, तर जूनमध्ये दिवे खुलण्याच्या सुमारास ती परत धक्क्याला लागते. सप्टेंबरच्या मध्यास सातच्या नौकेवर सूर्यास्त पहिल्या काही मिनिटांतच होतो, म्हणजे नेमका लोक आपापली टेबले शोधत असताना. ऑक्टोबरअखेर तर ती अंधारातच निघते. नौका तीच, जेवण तेच, दरही जवळपास तेच. परंतु अनुभव पूर्णपणे निराळा.

पौर्णिमा आणि कोजागरी

मराठी कुटुंबांसाठी आणखी एक योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पौर्णिमेला सूर्य मावळण्याच्या सुमारासच चंद्र उगवतो. बंदराच्या मध्यभागी असलेल्या नौकेवरून त्या संध्याकाळी न्यू जर्सीच्या बाजूला सूर्य अस्ताला जाताना आणि ब्रुकलिनच्या बाजूला चंद्र वर येताना दिसतो, अर्थात आकाश निरभ्र असेल तर. कोजागरी बहुधा ऑक्टोबरमध्ये येते. तेव्हा सूर्यास्त सहा-साडेसहाच्या सुमारास असतो आणि डेकवरची हवा थंड असली तरी असह्य नसते. ज्यांच्या घरी आई किंवा वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन व्हायचे आहे, त्यांना पौर्णिमेच्या नौकाविहारासारखे समर्पक निमित्त शोधूनही मिळणार नाही.

टेबल खिडकीचे की डेकचे?

तिकीट विकताना खिडकीलगतच्या टेबलासाठी वेगळा दर आकारला जातो. तो द्यावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला मॅनहॅटन आणि उजव्या हाताला होबोकेन व जर्सी सिटी असते. परतताना बाजू बदलतात. त्यामुळे डावी की उजवी बाजू, याची फार चिंता करण्याचे कारण नाही.

खरी अडचण काचेची आहे. बाहेर अंधार पडला आणि आत दिवे असले की खिडकीचा आरसा होतो. पाहुण्याला बाहेरच्या शहराऐवजी स्वतःचे टेबल आणि मागे फिरणारा वाढपी दिसू लागतो. म्हणून उघड्या डेकवर कधी जाता येते, तिथे बसण्याची सोय आहे का आणि तिथपर्यंत जिने किती, हे खिडकीच्या दराआधी विचारावे. ज्येष्ठांना वारंवार जिना चढणे शक्य नसेल, तर खिडकीसाठीची जादा रक्कम सार्थकी लागते. चालते-फिरते कुटुंब असेल, तर ती वाचवून डेकवर वेळ घालवणे शहाणपणाचे.

त्याच ओघात मुख्य पदार्थ केव्हा वाढला जातो, हेही विचारावे. नौका पुतळ्यासमोर येते तेव्हा सहसा सूचना दिली जाते. त्या क्षणी ताट सोडून उठण्याची मनाची तयारी हवी. आपल्याकडे जेवता-जेवता उठणे अपशकुनाचे मानतात. इथे न उठणे महागात पडते.

कांदेनवमीनंतरचा प्रश्न

डिनर क्रूझचा ऐन हंगाम आणि चातुर्मास यांचा मेळ मोठा विचित्र बसतो. आषाढातील कांदेनवमीला कांद्याची शेवटची भजी होतात आणि त्यानंतर कार्तिकापर्यंत अनेक घरांतील ज्येष्ठ मंडळी कांदा-लसूण वर्ज्य करतात. नेमके याच चार महिन्यांत अमेरिकेतील मुले त्यांना बोटीवर जेवायला नेतात.

नौकेवरील स्वयंपाकघराची मर्यादा इथे समजून घ्यावी लागते. जागा तोकडी असते आणि आगीचा धोका टाळायचा असतो. त्यामुळे अनेक नौकांवर पदार्थांची बरीचशी तयारी किनाऱ्यावर होते आणि नौकेवर ते गरम करून वाढले जातात. हॉटेलात जसे आयत्या वेळी ‘कांदा न घालता करून द्या’ असे सांगता येते, तसे इथे सहसा शक्य नसते. ही सूचना तिकीट काढतानाच आणि शक्य तर लेखी द्यावी. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी दूरध्वनी करून ती पोहोचल्याची खात्री करावी.

‘व्हेजिटेरियन’ हा एकच शब्द पुरेसा नाही. या देशात त्या शब्दात अंडे येते. सीझर सॅलडच्या पारंपरिक ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशर सॉसमध्ये अँचोवी मासा असतो, परमेसानसारख्या चीजमध्ये प्राणिज रेनेट असते, तर भात आणि सूप यांचा आधार पुष्कळदा चिकन स्टॉक असतो. ‘व्हेगन’ असे सांगितल्यास यांतील बहुतेक अडचणी मिटतात, मात्र दूध-दही वर्ज्य झाल्याने ताट रुक्ष होते. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ते स्वतंत्रपणे आणि स्पष्टच सांगावे लागते.

मधुमेह असलेल्यांसाठी वेळेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. नौकेवर चढण्याची वेळ प्रस्थानापूर्वी अर्धा ते एक तास असते आणि मुख्य पदार्थ त्यानंतर बऱ्याच वेळाने येतो. घरी साडेसातला जेवणाऱ्या व्यक्तीने सवयीने सातला इन्सुलिन घेतले आणि ताट साडेआठला आले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जेवण समोर येण्याची वेळ आधी विचारावी, औषधाची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी आणि पर्समध्ये काहीतरी गोड ठेवावे. बाहेरचे अन्न आणण्यास मनाई असली तरी वैद्यकीय कारण आधी कळवता येते.

पाणी केव्हा हलते?

हडसन ही केवळ समुद्राकडे वाहणारी नदी नाही. भरतीचा परिणाम आत ट्रॉय शहरापर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे मैल जाणवतो आणि साधारण दर सहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते. इथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच ‘दोन्ही दिशांनी वाहणारी’ असा सांगितला जातो. ईस्ट रिव्हर तर नदीच नव्हे. ती दोन जलाशयांना जोडणारी सामुद्रधुनी आहे.

कोकणातील वाचकांना यातील मर्म सांगायला नको. ओहोटीचे पाणी दक्षिणेकडे उतरत असताना समोरून दक्षिणेचा वारा आला, की पाणी खवळते आणि लाटा आखूड व उभ्या होतात. उन्हाळ्यातील दुपारी समुद्रावरून येणारा वारा बंदरात हीच स्थिती निर्माण करतो. सूर्यास्ताच्या सुमारास तो बहुधा ओसरतो, हे संध्याकाळच्या फेरीच्या पथ्यावर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा प्रवाह अधिक जोमाचा असतो. बंदर तिन्ही बाजूंनी बरेच सुरक्षित असल्याने मोठ्या नौकेवर त्रास क्वचित होतो, तरीही बोट लागण्याची सवय असलेल्यांनी खालच्या मजल्यावर, नौकेच्या मध्यभागी टेबल मागावे. तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. मळमळीवरील गोळ्यांनी झोप येते आणि ज्येष्ठांच्या इतर औषधांशी त्यांचे जुळेलच असे नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

भरती-ओहोटीचा आणखी एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. धक्का आणि नौका यांना जोडणाऱ्या पुलाचा उतार पाण्याच्या पातळीनुसार बदलतो. बंदरातील भरती-ओहोटीत चार-पाच फुटांचा फरक पडतो. भरतीच्या वेळी सपाट वाटणारा पूल ओहोटीला चांगलाच तिरका होऊ शकतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी ही माहिती महत्त्वाची. लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह जेवणाच्याच मजल्यावर आहे का, दारांचे उंबरठे उंच आहेत का, हे तीन प्रश्न त्याच दमात विचारून घ्यावेत. पायांत रबरी तळव्याची पादत्राणे असावीत. चामडी तळव्याची कोल्हापुरी ओल्या डेकवर घसरते. जुलैच्या उकाड्यातही शाल सोबत असू द्यावी.

नौकाच भाड्याने घ्यायची असेल तर

साठी, पंचाहत्तरी किंवा लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी तीस-चाळीस आप्तांना घेऊन संपूर्ण नौका ठरवण्याची पद्धत वाढत आहे. इथे सुरक्षिततेचा प्रश्न जेवणाच्या आधी येतो. सहापेक्षा अधिक प्रवासी पैसे घेऊन नेणाऱ्या नौकेची सर्वसाधारणपणे अमेरिकी तटरक्षक दलाकडून तपासणी झालेली असावी लागते. अशा नौकेकडे तपासणीचे प्रमाणपत्र असते, त्यावर प्रवाशांची कमाल संख्या नोंदलेली असते आणि ते प्रवाशांना दिसेल असे लावलेले असते. समाजमाध्यमांवरून स्वस्तात मिळणाऱ्या खासगी बोटींकडे ते असतेच असे नाही. प्रमाणपत्राची प्रत मागण्यात संकोच बाळगू नये. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

या नियमांमागे याच पाण्यातील एक भीषण इतिहास आहे. १५ जून १९०४ रोजी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधील जर्मन स्थलांतरितांच्या चर्चने वार्षिक सहलीसाठी ‘जनरल स्लोकम’ ही वाफेवर चालणारी नौका भाड्याने घेतली होती. कामाचा दिवस असल्याने नौकेवर प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले होती. ईस्ट रिव्हरमध्ये तिला आग लागली. आग विझवण्याच्या नळ्या कुजलेल्या होत्या, जीवरक्षक जॅकेटांतील बुचाचा भुगा झाला होता. हजाराहून अधिक माणसे दगावली. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत न्यूयॉर्कमधील ही सर्वांत मोठी जीवितहानी होती. दुर्घटनेनंतर नौका-तपासणीचे नियम कठोर झाले. टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये त्या मुलांच्या स्मरणार्थ उभारलेले कारंजे आजही आहे. मायदेशापासून दूर आलेल्या एका समाजाने आनंदासाठी ठरवलेली ती नौका होती, हे प्रमाणपत्राची प्रत मागताना आठवावे.

एक छोटी, पण घरगुती बाब. वाढदिवसाला औक्षण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. उघड्या ज्योतीला नौकांवर सहसा मनाई असते. विजेरीवर चालणारे निरांजन सोबत ठेवल्यास ऐन वेळी हिरमोड होत नाही.

धक्क्यापर्यंतचा प्रवास

रेल्वे स्थानकावर गाडी चुकली तर पुढची मिळते. नौकेचे तसे नाही. ती वेळेवर सुटते आणि चुकलेल्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी एडिसनहून लिंकन बोगद्यातून गाडीने येणाऱ्यांनी वाहतुकीचा अंदाज बांधताना उदार असावे. जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेस येणाऱ्या वाहनांना गर्दीशुल्कही लागू आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना वीहॉकेनहून सुटणारी नौका अनेक दृष्टींनी सोयीची. बोगदा टळतो, आणि हडसन-बर्गन लाइट रेलचे लिंकन हार्बर स्थानक पाण्याजवळ आहे. मॅनहॅटनमधून जाणाऱ्यांसाठी तेविसाव्या रस्त्याने धावणारी एम-२३ बस चेल्सी पिअर्सपर्यंत पोहोचवते.

दर पाहताना जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. कर, सेवाशुल्क, बंदरशुल्क आणि कधी टिपही त्यात मिळवली जाते; पेये बहुधा वेगळी असतात. पावसातही फेरी होते. धुके किंवा वादळ असेल तर निर्णय कप्तानाचा असतो, म्हणून रद्द झाल्यास पैसे मिळणार की दुसरी तारीख, हे आधी वाचून घ्यावे. तसेच डिनर क्रूझ लिबर्टी बेटावर थांबत नाही. बेटावर उतरायचे असल्यास बॅटरी पार्क किंवा न्यू जर्सीतील लिबर्टी स्टेट पार्क येथून सुटणारी अधिकृत फेरी वेगळी घ्यावी लागते.

मोफत रंगीत तालीम

मोठा खर्च करण्यापूर्वी एक परीक्षा विनामूल्य घेता येते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील व्हाइटहॉल टर्मिनलवरून सुटणारी स्टेटन आयलंड फेरी सुमारे पाच मैलांचे अंतर २५ मिनिटांत कापते, आणि तिला तिकीट नाही. जाताना उजव्या बाजूला, येताना डाव्या बाजूला उभे राहिले की पुतळा दिसतो. पलीकडे पोहोचल्यावर सर्वांना उतरून पुन्हा चढावे लागते. या तासाभरात आईला बोट लागते का, बाबांना डेकवर उभे राहणे झेपते का, मुलांना त्यात रस आहे का, हे कळून चुकते.

कित्येक कुटुंबांना या तालमीनंतर असेही जाणवते, की दृश्य आणि जेवण एकत्र बांधण्याची गरजच नाही. संध्याकाळची साधी नौकाफेरी करावी आणि नंतर जर्सी सिटीच्या नेवार्क अव्हेन्यूवर गरम डोसा किंवा थाळी घ्यावी, हा पर्याय चातुर्मास पाळणाऱ्यांना मानवतो आणि खिशालाही परवडतो. ज्यांना पांढऱ्या टेबलक्लॉथवरची, संगीताच्या साथीची संध्याकाळच आई-वडिलांना द्यायची आहे, त्यांनी जरूर डिनर क्रूझ घ्यावी. फक्त तारीख ठरवताना आधी सूर्यास्त पाहावा, मग नौकेची वेळ, मग डेक आणि जिने, आणि त्यानंतर जेवणाची यादी. तसे केल्यास दिवे लागण्याच्या त्या अर्ध्या तासात सारे घर डेकवर एकत्र असेल.